शिट्टी होईपर्यंतचं शहर

व्हिएन्ना, मंगळवार, ८ ऑक्टोबर १९९६

प्रिय हिनेक,

कुशल-मंगल वगैरे नंतर. आधी माझी तक्रार रीतसर नोंदवून घे. प्रतिवादी तुझी सख्खी बहीण, म्हणजे माझी बायको ब्लांका आहे आणि दुसरं न्यायालय मला माहीत नाही.

पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा काप ज्या शहराच्या नावाने साऱ्या जगात मिरवतो, त्याच शहरात आज दुपारी मी स्थानकातल्या बाकावर बसून घरून, ओलोमोउत्सहून डब्यात आणलेला, कालचा, दोन पावांत दाबलेला गार काप खाल्ला. समोरच्या उपाहारगृहात एक मनुष्य तोच पदार्थ वाफाळता, लिंबाच्या फोडीसकट गिऱ्हाइकांपुढे ठेवत होता. मी त्याच्याकडे पाहत होतो. शेवटी शेवटी तोही माझ्याकडे पाहू लागला, आणि त्याच्या नजरेत जी करुणा होती ती मी गेली कित्येक वर्षं संस्कृत काव्यात शिकवतो, पण अशी अंगावर कधी घेतली नव्हती.

मी ब्लांकाला म्हटलं, आत जाऊन बसू या. ती म्हणाली की आपण चेक माणसं, परदेशात आपले काप खाऊनच राहतो. वर म्हणाली, "तिथे बसलास तर बिल येईपर्यंत गाडी सुटेल, पंडित."

कुठली गाडी? आमची गाडी उद्याची होती.

आता तुला संदर्भ सांगायला हवा. बाबा गेले तेव्हापासून, म्हणजे मार्चपासून, तुम्ही दोघं बोललेले नाहीत. फोनवर तू माझा आवाज ऐकलास की कामात असतोस, म्हणून पत्र. तू हे न वाचता फाडशील, किंवा न वाचता ठेवून देशील. मी तर्क शिकवतो, त्यामुळे तिसरी शक्यता मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही : वाचशील.

आम्ही महिनाभराचा रेल्वेचा पास काढला आहे. विद्यापीठाने मला सुट्टी दिली, फार घासाघीस न करता दिली, हे जरा लागलंच. ब्लांकाने औषधाच्या दुकानातून बिनपगारी रजा घेतली. मला वाटलं होतं, ती मनातून सावरली, जग पाहू म्हणते. मी व्हिएन्नातल्या हस्तलिखितांची यादीसुद्धा केली होती. पण ती स्थानकाबाहेर आली, समोरच्या भाजलेल्या चेस्टनटच्या गाडीपर्यंत गेली, कागदाच्या पुडीत थोडे घेतले, घड्याळ पाहिलं आणि परत फिरली. झालं व्हिएन्ना.

मी विचारलं, राजवाडा? ती म्हणाली, बाबांनी राजवाडा कुठे पाहिला होता?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमचे बाबा रेल्वेच्या भोजनडब्यात वाढपी होते, सगळी शहरं त्यांनी गाडी उभी राहील तेवढीच पाहिली. तुम्हा भावंडांना लहानपणी व्हिएन्ना म्हणजे एक चेस्टनटवाला, बुडापेस्ट म्हणजे एक न्हावी आणि ड्रेस्डेन म्हणजे काकड्यांचं लोणचं विकणारी एक बाई, असंच वाटायचं, हे तूच मला पहिल्या भेटीत सांगितलं होतंस. तुझी बहीण आता ती शहरं पाहायला निघाली आहे. तेवढीच. शिट्टी होईपर्यंतची.

चेस्टनट चांगले होते. माझ्या वाट्याला कुजके जास्त आले.

तुझा,
ओताकार

बुडापेस्ट, गुरुवार, १० ऑक्टोबर

प्रिय हिनेक,

तुझं उत्तर आलेलं नाही. येणार कसं, आम्ही उद्या कुठे असू हे आम्हालाच ठाऊक नसतं. तरी नसलेली वस्तू दिसली नाही म्हणजे ती नाही, हेही एक प्रकारचं ज्ञानच, असं आमचे जुने शास्त्री मानत. मी त्या ज्ञानाने फार सुखी झालेलो नाही.

न्हावी आहे. खरंच आहे. स्थानकाच्या खालच्या अंगाला, जिन्याशेजारी, दोन खुर्च्यांचं दुकान. खुर्च्यांवर आता त्याचा जावई काम करतो आणि म्हाताराबुवा दाराशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी नापास करत असतो. त्याचं नाव देझो. इथे वडीलधाऱ्याला 'बाची' म्हणतात, आपल्या काकांसारखं, म्हणून देझो बाची. ब्लांकाने मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की मी आलोइसची मुलगी, प्रागच्या गाडीतल्या. म्हातारा उठला. जावयाला बाजूला सारलं, मला खुर्चीत ढकललं आणि स्वतः वस्तरा हातात घेतला. आलोइसच्या जावयाची दाढी तो दुसऱ्या कुणाला करू देणार नव्हता. त्याचा हात थरथरत होता हे मी नम्रपणे नमूद करतो.

बाबा इथे काय करायचे, ऐकायचंय? दाढी करायचे नाहीत. दाढी ते गाडीतच उरकायचे. इथे येऊन ते बूट काढून बसायचे. तेवढंच. देझो बाची त्यांना गरम पाण्याचं घमेलं द्यायचा, त्यात पाय सोडून ते आदल्या फेरीतल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचे, आणि दुकानातली माणसं गालाला फेस लावलेल्या स्थितीत हसायची. एका बल्गेरियन पुढाऱ्याची नक्कल तर म्हाताऱ्याने आम्हाला करून दाखवली. वस्तरा माझ्या गळ्याशीच होता.

ब्लांका हसली, हिनेक. मार्चनंतर पहिल्यांदा आवाज करून हसली. मी आरशात पाहिलं.

मग म्हाताऱ्याने विचारलं, "पण आलोइसने यायचं का सोडलं गं? एकदम बंद झाला. मला वाटलं, माझं काही चुकलं."

मी डोळे मिटले. उत्तर तुला ठाऊक आहे, मला आहे, तिला तर आहेच. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तू युगोस्लाव्हियाच्या सहलीला गेलास आणि सहलीची बस तुझ्याशिवाय परत आली. कम्युनिस्ट राजवटीत पोरगा पश्चिमेला पळाला तर बापाला सीमेपलीकडे कोण जाऊ देणार? महिन्याभरात बाबांना गाडीवरून उतरवलं आणि ओलोमोउत्सच्या स्थानकात, दोन नंबरच्या फलाटावरच्या कँटीनमध्ये, सूप वाढायला उभं केलं. प्रवासाला निघालेल्या लोकांना. हे तिने गेली तेरा वर्षं तुला फोनवर, पत्रात, आणि एकदा तर नाताळच्या कार्डावरसुद्धा ऐकवलं आहे. इथे तर ऐकायला नवा माणूस बसला होता.

ती म्हणाली, "त्यांचे पाय दुखायला लागले, बाची."

म्हातारा म्हणाला, मी सांगतच होतो त्याला, बूट चुकीचे घालतोस.

  पण तुला कळवणं माझं काम आहे : तुझ्या बहिणीला तुझं नाव घ्यायची आयती संधी होती आणि तिने ते घेतलं नाही. सीमा उघडल्यावर तू दर वर्षी बाबांना तिकडे इटलीत, त्रिएस्तेला बोलवायचास तेव्हा बाबा जे कारण सांगायचे, तेच तिने पुढे केलं.

दाढी ठीक झाली. एका बाजूला जास्त ठीक झाली.

तुझा,
ओताकार

देचिन स्थानक, रविवार, १३ ऑक्टोबर

प्रिय हिनेक,

बुडापेस्टहून आम्ही घरी जाऊ असं मला वाटलं होतं. माझं भूगोलाचं ज्ञान कच्चं ठरलं. बुडापेस्टहून आम्ही बर्लिनला गेलो, बर्लिनमध्ये एक वर्तमानपत्रांचा ठेला पाहिला, आणि आज बर्लिनहून प्रागकडे निघालो. आमच्या प्रवासाचा नकाशा काढलास तर शाईत पडलेली माशी कागदावर चालत गेल्यासारखी दिसेल. कुठेही दुसरी रात्र नाही. खोलीवर पोचलो की तिची बॅग दाराशीच असते, उघडतच नाही, कोट खुर्चीच्या पाठीवर. मी एकदा स्लिपर काढून पलंगाखाली ठेवल्या तर म्हणाली, "कशाला पसारा करतोस?" घरी पाहुणा आला तर त्याला आधी स्लिपर देणारी बाई ही.

मी हे देचिनच्या प्रतीक्षालयात बसून लिहितो आहे, कारण तुझ्या बहिणीची गाडी चुकली.

घाबरू नकोस. ड्रेस्डेनला गाडी थांबली. काकडीच्या लोणच्याची बाई शोधायला ब्लांका उतरली. मी सामानापाशी बसलो, कारण माझ्यावर विश्वास ठेवावा अशी तीच एक जागा तिने मला दिली आहे. शिट्टी झाली, गाडी हलली, ब्लांका आली नाही. तिकीट तपासनीस सभ्य होता. म्हणाला की सीमेपलीकडे पहिल्या स्थानकात उतरा, बाईसाहेब पुढच्या गाडीने येतील, बायका गाडी चुकवतात. मी म्हटलं, ही भोजनडब्याच्या वाढप्याची मुलगी आहे, हिच्या घराण्यात आजवर कुणी गाडी चुकवलेली नाही. तो म्हणाला, मग आज मुहूर्त झाला.

तर मी, दोन बॅगा, कापांचा रिकामा डबा आणि तिची छत्री. प्रतीक्षालयात एक आजी विणकाम करते आहे आणि मधून मधून माझ्याकडे बघून मान हलवते. मी प्रबंध तपासायला बरोबर आणला आहे. विषय, नाटकांतल्या विरहिणी. पहिलं पान पुन्हा पुन्हा वाचतो आहे. विद्यार्थिनीने चांगलं लिहिलं असावं.

पुढची गाडी येऊन गेली. ती त्यात नव्हती.

आजीने मला एक सफरचंद दिलं.

त्यापुढच्या गाडीने ती आली. हातात काही नव्हतं, ना लोणचं, ना बाटली. लोणच्याची बाई नाहीच आता, म्हणाली, तिथे चाव्या करून देणारा बसतो. मी विचारलं, आणि त्याआधीची गाडी? म्हणाली, बसले होते जरा. मग माझ्या हातून छत्री घेतली आणि फलाटाच्या टोकाशी जाऊन प्रागच्या गाड्यांचा फलक वाचत उभी राहिली.

ती ठीक आहे. तुला काळजी नको म्हणून हे इथेच संपवून पेटीत टाकतो.

ओताकार

व्हिएन्ना, बुधवार, १६ ऑक्टोबर

प्रिय हिनेक,

पुन्हा व्हिएन्ना. चेस्टनटवाल्याने आम्हाला ओळखलं, नमस्कार केला. या दराने आणखी दोन फेऱ्यांत तो आम्हाला उधार देईल.

हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे आणि यात विनोद कमी असतील. आधी मागच्या पत्राची दुरुस्ती करतो.

मी लिहिलं की तिची गाडी चुकली. चुकली नाही. गाडी हलली तेव्हा ती फलाटावरच होती, माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर. मी काच खाली ओढली, हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रुसून नाही. दुसऱ्याच्या गाडीकडे आपण पाहतो तसं पाहिलं. आणि उठली नाही. देचिनला मी तुला जे लिहिलं ते सगळं खरं होतं, फक्त हे सोडून.

काल मी तिला विचारलं. आम्ही स्थानकाजवळच्या लॉजमध्ये उतरलो आहोत, चहा पीत होतो. ती म्हणाली, "तुझ्यावर राग नव्हता, ओता. उठायचं कशाला ते आठवेना, बस." आणि साखर ढवळत राहिली. ती चहात साखर घेत नाही.

तेव्हा मी ती गोष्ट काढली जी आमच्या घरात मार्चपासून कुणी काढलेली नाही.

तुझी बाजू मला ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हा तू योगायोगाने ओलोमोउत्सला आला होतास आणि ती इस्पितळात होती, पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन टाके ओले. तू दहनाची व्यवस्था केलीस, बिनसमारंभाची. आपल्याकडे हल्ली निम्मे लोक तशीच करतात आणि बाबांनीही तेच सांगितलं होतं : भाषणं नकोत, फुलं नकोत, सूप थंड होतं. ज्याने सही केली त्याच्या हातात कलश देतात, म्हणून तो तुझ्या हातात आला. दुसरा कुणी घरी कपाटात ठेवतो, कुणी बागेतल्या झोपडीत मुरांब्यांच्या शेजारी. तू गाडीत बसलास आणि त्रिएस्तेला घेऊन गेलास. ब्लांका घरी आली तेव्हा बाप नाही, समारंभ नाही, राखही नाही. तिच्यासाठी बाबा मेले नाहीत, हिनेक. ते सुटलेल्या गाडीत आहेत. ज्या संस्कृतीबद्दल मी पोटासाठी शिकवतो तिथे अस्थी नदीत सोडायलासुद्धा दहा माणसं बरोबर जातात आणि परत येताना रडून मोकळी झालेली असतात. आपण फार सुटसुटीत झालो आहोत.

मे महिन्यात तू माझ्याशी एकदाच धड बोललास. म्हणालास, "माझ्यामुळे त्यांची गाडी गेली. मी बोलवायचो तर पाय दुखतात म्हणायचे. शेवटी मी त्यांना आणलं, ओताकार, पहिल्या वर्गाने आणलं." हे तिला सांगू नको म्हणाला होतास. मी पाळलं. काल मोडलं. सांगितलं तिला, शब्दाला शब्द.

मला वाटलं, ती पेला फेकेल. मी माझा चहा जरा बाजूला घेतलासुद्धा. तिने फक्त विचारलं, "कुठे ठेवलंय त्यांना?"

मी म्हटलं, खिडकीशेजारच्या फळीवर, असं तू म्हणाला होतास. बंदर दिसतं.

"गाड्या दिसतात का?"

मला माहीत नव्हतं. ती माझ्यावर चिडली, किती साधी गोष्ट आणि विचारून घेता आली नाही तुला, एवढी पुस्तकं वाचतोस. चिडली ते बरं वाटलं.

मग रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक घेऊन बसली. बाबांचं बोट जसं ओळीवरून फिरायचं तसं तिचं फिरतं, तू पाहिलं असशील. उदिनेला बदलून त्रिएस्ते. बाबा त्या मार्गावर कधी गेले नव्हते, म्हणून आजवर ते पान तिने उलटलंच नव्हतं. तिने विचारलं, "तिथे गाडी किती वेळ थांबते?"

मी म्हटलं, थांबत नाही, तिथे संपते. पुढे रूळच नाहीत, पुढे समुद्र आहे.

"मग परत निघायचं ते कसं कळणार?"

मी शास्त्री माणूस. कुठल्याही प्रश्नाला दोन तरी उत्तरं देतो आणि त्यातलं एक खोडतो. या वेळी एकच दिलं. मी म्हटलं, हिनेक सांगेल. बोलून गेलो. ती नाही म्हणाली नाही. आज सकाळी तिने बॅग उघडली, सगळे कपडे काढून पलंगावर पसरले, आणि तुझ्या घरी न्यायला म्हणून एक स्वच्छ ब्लाउज निवडला. इस्त्री कुठे मिळेल ते खालच्या बाईला विचारायला गेली आहे.

शनिवारची गाडी आहे. संध्याकाळी साडेसहाला त्रिएस्तेत पोचते. आम्ही मागच्या डब्यांत असू.

कलश परत दे, असं मी म्हणत नाही. तुमच्यात काय ठरायचं ते तुम्ही ठरवा, त्याला फळीवर ठेवा, पाण्यात सोडा, किंवा आठवडाभर भांडा, मी तेवढा वेळ कुठलंतरी वस्तुसंग्रहालय बघेन. तू तिची माफी माग असंही म्हणत नाही, आणि ती तुझी मागेल याची हमी मी देत नाही. तू फक्त फलाटावर ये. इंजिनापाशी नको, मागे ये, ती खिडकीतून पाहील तिथे ये. तू नसलास तर ती उतरेल, त्या शेवटच्या फलाटावरच्या एका बाकावर बसेल, आणि मला माहीत आहे की मी शेजारी बसेन, छत्री धरेन, तिला हसवायला काहीतरी बोलेन. ड्रेस्डेनहून ती परत आली ती माझ्यामुळे नव्हे. माझ्याकडे पाहूनही ती उठली नव्हती.

एवढी वर्षं मी असं धरून चाललो की ब्लांका कशीही असली तरी तिला घरी आणायला मी पुरेन. आता पुरत नाही. मला त्याची भीती वाटते, हिनेक.

ओताकार